अबीगेलबाई आणि पुलावरची संध्याकाळ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, भातगिरणीचे मालक काशीरामशेठ; प्रमुख पाहुणे म्हणून व्यासपीठावर बसलेले जागर मंडळाचे प्रमुख दाजीसाहेब; आपल्या कन्याशाळेच्या मोठ्या बाई; ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आपल्या अबीगेलबाई रोहेकर; पुढं खुर्च्यांवर बसलेली पनवेलची प्रतिष्ठित मंडळी, मागं बाकांवरचे पालक, आणि मघापासून सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलींनो,

माझ्याकडं आभाराचं काम आलंय. मोठ्या बाईंनी बजावलंय, "वेणू, दोन मिनिटांत आटप. चहा निवतोय." आभाराचं भाषण म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळी उचलण्याचं काम. ते शाळेतल्या सगळ्यात धाकट्या शिक्षिकेकडं येतं, आणि ती मी. तक्रार नाही. पत्रावळी उचलणाऱ्यालाच कळतं, कुणी काय खाल्लं आणि कुणी काय टाकलं.

तर पहिले आभार काशीरामशेठांचे. हा कर्णा त्यांचा, हे हार त्यांचे, बाहेर निवतोय तो चहाही त्यांचाच. त्यांच्या गिरणीच्या भोंग्याचा महिमा तर आज इथं प्रत्येक वक्त्यानं गायला. मीही गाते, म्हणजे बाहेरगावच्या पाहुण्यांना संदर्भ लागेल.

गेल्या भाद्रपदात लढाई सुरू होती. रात्री गावात दिवा लावायला बंदी. खिडक्यांना खाकी कागद, शाळेच्या पटांगणात खंदक, आणि विमानं आली तर इशारा म्हणून शेठजींच्या गिरणीचा भोंगा. तो वाजला की मुलींनी खंदकात जायचं, कानांत बोटं घालायची. एकही विमान पनवेलवर आलं नाही. भोंगा मात्र वाजायचा, कधी सरावाला, कधी कुणाच्या तरी संशयावरून. मग रेडिओनं सांगितलं, लढाई थांबली. कागद निघाले, दिवे लागले, गिरणी पुन्हा सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली बाकांखाली. ही मालू बसलीय ना पुढं, ती तर दप्तर डोक्यावर घेऊन तिथंच थिजली. लाजू नकोस गं मालू, मीही फळ्याला टेकले होते.

आम्ही काही शिक्षिकांनी मुलींना दटावलं. "लढाई संपली, कळत नाही का?" अबीगेलबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, त्यांच्या डोक्याला कळलंय. रेडिओनं डोक्याला सांगितलं. अंगाला कुणी सांगितलंय का? अंगाला रेडिओ ऐकू येत नाही. त्याला हाताला धरून दाखवावं लागतं."

मग त्या शेठजींकडं गेल्या. शेठजी म्हणाले, "बाई, गिरणी आहे, जत्रा नव्हे." बाई म्हणाल्या, "जत्रेत पाळण्याला पैसे पडतात शेठजी. तुमचा भोंगा फुकट, म्हणून इथं आणते." शेठजी हसले, हसल्यावर माणूस नाही म्हणू शकत नाही. बाईंनी मुलींना आधी रस्त्याच्या पलीकडं उभं केलं आणि भोंगा केव्हा वाजणार ते आधीच सांगितलं. काही दिवसांनी फाटकाच्या आत. मग थेट बॉयलरजवळ. शेवटी भोंग्याची साखळी मालूच्या हातात दिली. मालूनं ती ओढली आणि सोडायलाच तयार नव्हती! त्या दिवशी पनवेलात अर्ध्या गावानं दुपारचं जेवण वेळेआधी उरकलं, असं म्हणतात.

हसा. मलाही हसू येतं. गोष्ट गोड आहे, खरी आहे. पण आज इथं जितके वक्ते उठले, तितक्यांनी हीच सांगितली. दाजीसाहेब म्हणाले, "बाईंनी गावाच्या मनातली भीती घालवली." टाळ्या पडल्या. मी मागं बसून वाट पाहत होते, की आता पुलाचं निघेल. आता तरी निघेल. नाही निघालं. चुकून राहिलं असेल का? एका वक्त्याकडून राहील. इतक्या सगळ्यांकडून राहतं?

मोठ्या बाई, पदर ओढू नका. माझी दोन मिनिटं झाली, मला माहीत आहे.

अध्यक्षमहाराज, आभार मानायचे तर ज्या कामाबद्दल मानायचे ते काम सांगायला नको? भोंग्याचं काम बाईंनी केलं ते सोपं होतं, असं बाई स्वतः म्हणतात. अवघड काम त्यांनी माझ्या घरी केलं. ते मला सांगितलंच पाहिजे.

मी गव्हाणची. घरत. आमचं घर मिठागरावर राबणारं. माझा थोरला भाऊ महादेव, मी त्याला दादा म्हणते. मी पनवेलच्या शाळेत शिकले ती दादाच्या खांद्यावर बसून. भरतीच्या चिखलातून तो मला रस्त्यापर्यंत आणायचा, खाली उतरवायचा, माझे पाय स्वतःच्या पंच्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "जा. पाय चिखलाचं नेलेस तं बाय वर्गाभायेर काढंल." त्याला वाटायचं, बाई म्हणजे मोठी कडक असामी. या बाईंनी एकदा त्याला वर्गात बोलावून पाणी दिलं, तेव्हापासून तो यांना ओळखतो.

गेल्या भाद्रपदातच रंभावहिनी बाळंत झाली. मुलगा झाला. आमच्याकडचे डास कसे असतात, ते पनवेलकरांना मी काय सांगू? लढाई थांबल्याची बातमी आली तसा दादा म्हणाला, आता रस्ता मोकळा झाला, मी बाळासाठी मच्छरदाणी आणतो. आला. इथल्या कापडबाजारातून ती घेतली. पांढरी शुभ्र, चार कोपऱ्यांना चार लांब नाड्या. दुकानदार म्हणाला, फाटकी निघाली तर परत घेणार नाही, नीट बघून घे. दुकानात अंधार झाला होता, सवयीनं अजून दिवा लावलेला नव्हता. म्हणून उरणच्या रस्त्यावरच्या पुलावर आल्यावर, उजेड होता तेवढ्यात दादानं ती उघडली. कठड्याशी उभं राहून, हात वर करून, कुठं भोक आहे का ते बघायला लागला.

खाडीवरून वारं आलं. मच्छरदाणी फुगली.

कुणीतरी ओरडलं, "छत्री! छत्रीवाला उतरला!"

तेव्हा गावात ही एकच अफवा होती, हे आपल्याला आठवत असेल. विमानातून छत्रीनं सैनिक उतरतात, उरणच्या अंगाला उतरले, शेतात लपले, विहिरीत विष टाकतात. एकानंही एकही पाहिला नव्हता. पण गावाच्या पहाऱ्यासाठी काढलेल्या जागर मंडळाचे तरुण काठ्या घेऊन संध्याकाळी फेऱ्या घालत होते. लढाई थांबली होती, मंडळ थांबलं नव्हतं. मंडळाच्या प्रमुखांच्या गळ्यात एक शिट्टी असायची. ती शिट्टी वाजली.

दाजीसाहेब, बसा. मी अजून कुणाला काही म्हटलेलं नाही. आणि म्हणायचं ते आभारातच म्हणणार आहे.

मी पुलावर नव्हते. हे मला बाईंनी सांगितलं, आणि पुष्कळ नंतर, तुकड्यातुकड्यानं, दादानं. दादा सांगतो, तो पळाला नाही. का पळेल? त्याला वाटलं, मागं कुणी चोर असेल, त्याला धरायला लोक धावताहेत. तो बाजूला झाला, वाट दिली. पहिली काठी पाठीत बसली तेव्हा त्याला कळलं की चोर तो आहे. तो ओरडत होता, "मी गव्हाणचा हाय! मना मारू नका! पोरासाठी हाय ती, पोरासाठी!" असं मराठी बोलणारा माणूस कुठून उतरला असेल, आकाशातून? पण गर्दीतला एक शहाणा म्हणाला, "हेर भाषा शिकूनच येतात." आमची भाषा! जी ऐकून या गावातली सुशिक्षित मंडळी तोंड फिरवून हसतात, ती शिकायला शत्रूनं शाळा काढली असेल का हो?

बाई त्या बाजूला त्यांच्या एका आजारी मुलीला भेटून परत येत होत्या. गलका ऐकून गर्दीत शिरल्या. बाईंची उंची आपण पाहतोच आहोत. हातातल्या पावसाळी छत्रीच्या दांड्यानं वाट काढली, असं त्या सांगतात. आत जाऊन पाहतात तो दादा खाली पडलेला. बाई त्याच्या अंगावर वाकल्या आणि ओरडल्या, "हा महादेव आहे! माझ्या वेणूचा भाऊ!" कुणी ऐकेना. एक काठी बाईंच्या मनगटावर बसली. तेव्हा बाईंनी काय केलं? पायांखाली तुडवलेली मच्छरदाणी उचलली. दोन नाड्या कठड्याला बांधल्या, तिसरी अडलेल्या एका बैलगाडीच्या जोखडाला, चौथी आपल्या हातात धरली आणि म्हणाल्या, "या. बघा तुमची छत्री. या ना, आत झोपून बघा कोणीतरी!"

पुलाच्या मध्यावर, इतक्या माणसांसमोर, एक फाटकी मच्छरदाणी. म्हणे मागून कुणीतरी हसलं. त्या एका हसण्यानं सगळे भानावर आले. आणि मग, मंडळी, तो पूल इतक्या लवकर रिकामा झाला की दादाला उचलायला बाई आणि तो गाडीवान काशा असे दोघेच उरले.

दादाचा जबडा मोडला होता. डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही.

त्याचं मला एवढं नाही. हाडं जुळतात. घरी आलेला दादा मात्र वेगळाच होता. अंगणात चार माणसं एकत्र बोलत उभी राहिली तरी हा मागच्या दारानं माडीवर. मिठागरावर जाईना, कारण तिथं सगळे फावडी घेऊन एकदम येतात. शिट्टी सोडा, कुणी पोरानं पानाची पिपाणी वाजवली तरी घाम. आणि ती मच्छरदाणी. रंभावहिनीनं ती धुतली, शिवली, बाळावर लावली, तर हा घराबाहेर जाऊन उकिडवा बसला. शेवटी तिनं ती काढून घडी करून ठेवली. मुलाला जवळ घेईना. डास मुलाला फोडून काढत होते आणि बापाला बघवत नव्हतं, पण बघायला आत येताही येत नव्हतं.

गावात म्हणाले, झपाटला. माझी आई, जनी तिचं नाव, भगताला बोलवायला निघाली. म्हणाली, "याला पुलावरचं कायतरी लागलंय." इकडं पनवेलात एका सद्गृहस्थांनी मला कानात सांगितलं, "तुमचा भाऊ मनाचा जरा कच्चा दिसतो." म्हणजे मारणाऱ्यांची मनं पक्की, आणि मार खाणाऱ्याचं कच्चं!

त्या रविवारी बाई यष्टीनं गव्हाणला आल्या. आईनं त्यांनाही तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "जनीबाय, पुलावरचंच लागलंय. पण ते भूत नव्हतं. माणसं होती." भगत आला नाही.

बाई दादाजवळ बसल्या. काही विचारलं नाही. भाकरी खाल्ली, चहा प्याल्या, गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा. मग एका रविवारी दादाच बोलला, "बाय, मना येड लागलं का?"

बाई म्हणाल्या, "नाही. कुत्रं चावलेला माणूस कुत्रं दिसलं की थांबतो. त्याला वेडा म्हणतात का? तुझं अंग तुला जपतंय महादेव. फक्त त्याला अजून कळलेलं नाही की मार थांबलाय. आपण त्याला सांगू. ओरडून नको, हळूहळू."

"कसं सांगायचं?"

"आधी ही घडी नुसती हातात धर." आणि बाईंनी मच्छरदाणीची घडी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं धरली. हात असे थरथरत होते. बाई म्हणाल्या, "थरथरू दे. थांबवू नकोस. थरथर आली तशी जाते. श्वास सोड, लांब सोड, मीठ वाळत घातल्यासारखा पसर." मंडळी, मीठ कसं पसरतात हे बाईंना काय माहीत? दादा म्हणाला, "बाय, मीठ असं नाय पसरत," आणि त्यांना हातानं दाखवायला लागला. दाखवता दाखवता थरथर गेली. घडी मांडीवरच होती.

मग घडी उलगडायची. मग एक नाडी खुंटीला बांधायची, ती दादानंच. मध्ये एक रविवार असा आला की तो पुन्हा माडीवर पळाला, आणि आई म्हणाली, झालं, सगळं मातीत गेलं. बाई म्हणाल्या, "मातीत नाही गेलं. वाट आहे ती, चढउतार असायचाच." पौषात एका दुपारी मी घरी गेले, तर मच्छरदाणी लावलेली, आत बाळ झोपलेलं, आणि मच्छरदाणीच्या आत, बाळाच्या शेजारी, पाय बाहेर काढून दादा झोपलेला. रंभावहिनी दारात उभी राहून नुसती बघत होती. मला बोटानं गप्प राहायला सांगितलं.

मिठागराला तो आता जातो. सगळ्यांच्या आधी जातो, म्हणजे माणसं एकेक करून येताना दिसतात. मुकादम सामाजी म्हणून आहेत, बाईंच्याच नात्यातले. त्यांनी ही सवलत न मागता दिली. त्यांचेही आभार.

आता दुसऱ्या आभारांकडं वळते, आणि हे मला जड जाणार आहेत.

पुलावर शे-दीडशे माणसं होती. फिर्याद झाली. साक्षीला किती आली? एक. अबीगेलबाई. गाडीवान काशा म्हणाला, बाय, मना या गावात भाडं मिळायला पायजे, मी काय बघितलं नाय. गरीब माणूस, त्याच्यावर माझा राग नाही. पण बाकीचे? वकील होते, दुकानदार होते, माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील होते. कुणी काही पाहिलं नाही. सगळ्यांनी त्या वेळी खाडीकडं तोंड केलं होतं! बाईंनी मात्र पाहिलं ते सांगितलं, नावांनिशी सांगितलं.

आणि मग गावात काय सुरू झालं ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अबीगेलबाई बेने इस्रायल, आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांच्या घरी दर शुक्रवारी मावळतीला शब्बाथचा दिवा लागतो. त्यांच्या आईनं लावला, आजीनं लावला, पनवेलच्या कितीतरी पिढ्यांनी तो दिवा पाहिलाय. लढाईच्या दिवसांत बाईंनी खिडकीला दुहेरी कागद लावून, आत, कोपऱ्यात तो लावला. साक्ष दिल्यावर अचानक कुणालातरी आठवलं, की अंधारात बाईंकडं दिवा होता. कुणासाठी होता? विमानांना खूण तर नव्हती? मग बाईंच्या शिकवणीला येणाऱ्या मुली एकेक करून बंद झाल्या. मग एका सकाळी बाईंच्या दारावर कोळशानं लिहिलेलं होतं: हेर.

मी गेले तेव्हा बाई ओल्या फडक्यानं पुसत होत्या. मला म्हणाल्या, "बरं झालं आलीस. वरची वेलांटी पोचत नाही गं मला." खरं तर 'हेर' या शब्दात वेलांटी नाहीच, मात्रा आहे. त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून तसं म्हणाल्या. का दिसत नव्हतं, ते सांगायला नको.

ज्या गावानं हे केलं, त्याच गावानं आज पत्रिका छापली, 'पनवेलची सुकन्या, सेवानिवृत्त होत आहेत.' सेवानिवृत्त? बाईंची नोकरी अजून दोन वर्षं होती. इतकी वर्षं त्यांची लेक दिना इस्रायलहून बोलवत होती, आणि बाई म्हणत होत्या, "माझं इथं काय कमी आहे?" यंदा त्यांनी राजीनामा दिला. मी विचारलं, का? म्हणाल्या, "नातवंडं मोठी होतायत." मी त्यांचीच विद्यार्थिनी आहे. कारण आणि निमित्त यांतला फरक मला त्यांनीच सहावीत शिकवला.

दाजीसाहेब, आपण म्हणालात, बाईंनी गावाच्या मनातली भीती घालवली. मला एकच सांगा, ती घातली कुणी? लढाईनं घातली, मान्य. पण लढाई थांबल्यावर तिला रोज संध्याकाळी खाऊपिऊ घालून कुणी वाढवली? फेऱ्या कुणी चालू ठेवल्या? आपण नंतर म्हणालात, "जमाव कुणाचं ऐकतो?" ऐकतो, साहेब. गोळा व्हायला शिट्टी वाजली ती ऐकली त्यानं. थांबायला ती वाजलीच नाही.

हे मी रागानं बोलतेय. होय. सभेत रागानं बोलू नये हेही मला शिकवलंय, आणि ज्यांनी शिकवलं त्या माझ्याकडं बघून आता मान हलवतायत. बाई, आज नका हलवू.

या रागावरून बाईंचं आणि माझं भांडण झालंय, ते सांगते आणि आवरतं घेते. पुलावरच्या माणसांपैकी दोघांच्या बायका पुढं बाईंकडं आल्या होत्या. नवरे झोपेतून ओरडत उठतात, जेवत नाहीत, मुलांवर हात उगारतात. बाई त्यांच्या घरी गेल्या. बसल्या, जशा दादाजवळ बसल्या तशाच. मला कळलं तेव्हा मी बाईंच्या घरी जाऊन वाट्टेल ते बोलले. "तुम्ही त्यांच्याकडं गेलातच कशा?"

बाई म्हणाल्या, "अगं, ते घाबरलेले होते. तेव्हाही, आताही."

मी म्हटलं, "घाबरले मीही होते बाई. दादाही होता. रंभावहिनी पोटुशी असताना खंदकात उतरत होती. आम्ही कुणी कुणाच्या डोक्यात काठी घातली नाही."

बाईंनी आतून माझ्यासाठी पाणी आणलं. मग म्हणाल्या, "तुझं खरं आहे. मला त्यांची भीती कळते. कळली म्हणजे मी त्यांना माफ केलं, असं नाही वेणू. तसं असतं तर मी साक्ष कशाला दिली असती? त्यांच्याकडं बसायचं ते त्यांची मुलं पुन्हा मार खाऊ नयेत म्हणून. साक्ष द्यायची ती महादेवासाठी. दोन्ही करावं लागतं. एकच केलं तर काम अर्धं."

त्यांच्याकडं जाऊन बसायचं ते अर्धं काम मला अजून जमत नाही. राग मला जमतो. तो मी आज इथं आणलाय, कारण नंतर आणायला बाई इथं नसतील. गाव विसरेल, आणि पुढची लढाई, पुढची साथ, पुढची अफवा येईल तेव्हा पुन्हा कुणीतरी पुलावर सापडेल. मुलींनो, तुम्ही साखळी ओढायला शिकलात. आता एवढं शिका, की भीती वाटली तर भीती वाटतेय असं म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं. 'हेर आला' असं म्हणायचं नाही.

आता एक विनंती आहे, आणि ती सगळ्या सभागृहाला आहे. कृपा करून मागं वळून पाहू नका.

नाही, खरंच वळू नका. शेवटच्या बाकावर, दाराशी, माझा दादा बसलाय. तो बाईंना निरोप द्यायला आलाय. त्या संध्याकाळनंतर तो पनवेलात आज पहिल्यांदा आलाय. इतक्या माणसांनी एकदम त्याच्याकडं पाहिलेलं त्याला अजून सोसत नाही. आपण त्याच्यासाठी साक्ष दिली नाहीत, त्याच्या घरी गेला नाहीत, त्याचं नाव आज घेतलं नाहीत. पण समोर पाहत राहणं तरी आपल्याला जमेल ना? तेवढंच करा.

शेठजी, आपली खुर्ची थोडी मागं घेता? मधली वाट मोकळी हवी. आभारी आहे. मालू, पाय घे.

ये दादा. हळूहळू ये. कुणी बघत नाही.

ये. इकडून पायरी आहे.

काय म्हणतोस? माइकवर नाही बोलणार? बरं, बाईंशी बोल.

मंडळी, तो म्हणतो, "बाय, पोचलांव म्हून खबर धाडा. वेणू वाचून दावंल." आणि बाई म्हणतायत, धाडते. एवढंच. याहून मोठं भाषण आज या व्यासपीठावर झालेलं नाही.

हे काय, दाजीसाहेब उभे राहिले. दादा, थांब, तू घाबरू नकोस. साहेब, आपल्याला त्याच्याशी बोलायचंय? मग खाली या, पायरीच्या खाली, आणि हात समोर दिसतील असे ठेवा. दादाला विचारते. दादा, यांच्याशी बोलायचं का तुला?

तो नको म्हणतो. आज नको.

ऐकलंत. आज नको. मग बसा साहेब, आणि वाट पाहा. ती पाहायची पाळी आता आपली आहे.

उरलेले आभार. हार ओवणाऱ्या सातवीच्या मुलींचे, सतरंज्या आणून देणाऱ्या रामूचे, चहा पुन्हा तापवावा लागणार म्हणून आचाऱ्याचे, आणि मला मध्येच खाली बसवलं नाही म्हणून मोठ्या बाईंचे. अबीगेलबाईंचे आभार मी मानणार नाही. आभार मानले की देणं फिटल्यासारखं होतं, आणि ते फिटू नये अशी माझी इच्छा आहे.

शेवटी, बोलण्याच्या भरात माझ्याकडून सभेच्या मर्यादेबाहेरचं काही गेलं असेल, वडीलधाऱ्यांना वावगा शब्द लागला असेल, तर मला लहान समजून पदरात घ्या. माझी चूक माफ करणं आपल्या हाती आहे. पुलावरची माफ करणं माझ्या हाती नाही. ज्याच्या हाती आहे तो बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलाय, आणि त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

नमस्कार.